पाच इंच आणि पोह्यावरची शेव

एकाच सकाळी आठशे माणसांच्या शिव्या खाल्लेला माणूस तुमच्या ओळखीत नसेल तर या लेखापासून आहे असं समजा. त्या शिव्या मी शेवेवरून खाल्ल्या. पण ते पुढं येईलच.

वाळूजच्या एका कंपनीत मी एकतीस वर्षं कॉस्टिंगला होतो. लोक विचारतात, म्हणजे नेमकं काय करायचे हो तुम्ही? आमच्या सासऱ्यांना तर शेवटपर्यंत कळलं नाही. ते पाहुण्यांना सांगायचे, 'जावई कंपनीत आहेत, आकडे लिहितात.' तर सांगतो. गाडीचा एखादा सुटा भाग बनायच्या आधी तो केवढ्याला पडेल, हे कागदावर सांगणारा माणूस म्हणजे कॉस्टिंगवाला. पोलाद किती, मशीन किती मिनिटं चालणार, माणसाचा हात किती वेळ लागणार, वीज, तेल, खोक्याचा पुठ्ठा, सगळं मांडायचं आणि पैशापर्यंत किंमत काढायची. वस्तू बनल्यावर तिची किंमत कुणीबी सांगतं. बनायच्या आधी सांगायला डोकं लागतं, आणि चुकली की साहेबासमोर मान खाली घालावी लागते. नोकरीत मी चारदा घातली. पाचवी पाळी रिटायर झाल्यावर आली, आणि ती सगळ्यात जड गेली.

आता शेव. एका वर्षी वरून हुकूम आला की कँटीनचा खर्च कमी करा. मी तराजू घेऊन कँटीनमध्ये उभा राहिलो. नाश्त्याच्या पोह्यांवर आचारी चिमूटभर शेव टाकायचा. चिमूट मोजली तर बारा ग्रॅम निघाली. आठशे ताटल्या, म्हणजे रोज साडेनऊ किलोच्या वर शेव. वर्षाचा आकडा काढला तर साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. दुसऱ्या दिवसापासून पोहे बिनशेवेचे.

त्या दिवशी आठशे ताटल्या जशाच्या तशा परत आल्या. लोक मशीन सोडून कँटीनबाहेर उभे. रफीक शेख नावाचा वेल्डर होता, हाताचा कसबी आणि तोंडाचा सरळ. तो ताटली घेऊन थेट माझ्या टेबलाशी आला. म्हणाला, "साब, बिना शेव का पोहा बीमार को देते. हम बीमार हैं क्या?" मी म्हटलं, "शेखभाई, खर्चाचा प्रश्न आहे." त्यानं ताटली माझ्या फायलीवर ठेवली आणि निघून गेला. काम चाळीस मिनिटं बंद राहिलं. त्या चाळीस मिनिटांचं नुकसान वर्षभराच्या शेवेपेक्षा जास्त होतं, आणि तो आकडा माझ्या कागदात नव्हता.

शेव काही परत आली नाही. मॅनेजमेंट एकदा कापलेलं परत देत नसते. मला मात्र रिटायर होईपर्यंत 'बिनशेव साहेब' हे नाव चिकटलं. शेखभाई त्यानंतर समोर आला तर मान वळवायचा. माझं चुकलं होतं, हे मला आठवडाभरात कळलं होतं, पण ते त्याला सांगायला मी कधी गेलो नाही. आकडे बरोबर होते ना, मग कशाला जायचं, असं मनाला सांगत राहिलो.

रिटायर झालो आणि पडेगावला घरी बसलो. महिन्याभरातच आमच्या मंडळींनी हात जोडले. "अहो, सिलेंडर किती दिवस पुरलं, साबण किती दिवस पुरला, हे लिहिणं बंद करा. नायतर मी माहेरी जाते, तो खर्च लिहा." अशा नाजूक वेळी गायकवाड सर दारात आले.

गायकवाड सर शाळेत पीटीचे मास्तर. वीस-बावीस वर्षं संध्याकाळी पोरांना फुकट बास्केटबॉल शिकवतात. हाडकुळे, गळ्यात शिट्टी, त्यांच्या बायकोच्या म्हणण्याप्रमाणे आंघोळीलाही ती उतरत नाही. चहा यायच्या आधीच त्यांनी मुद्दा मांडला.

"जाधव साहेब, लीग सुरू करायची. आठ संघ. चार पोरांचे, चार पोरींचे. अठराच्या आतले."

"कशासाठी?"

"पोरं शिकतात, पण खेळायला सामनेच नायत. शाळेची एक स्पर्धा झाली की वर्षभर नुसता सराव. किती दिवस नुसता सराव करणार? लगीन ठरल्याशिवाय कुणी वर्षभर हळद लावून बसतं का?"

मी विचारलं, "बजेट?" त्यांनी खिशातून वहीचं पान काढून पुढं ठेवलं. त्यावर तीन ओळी होत्या. चेंडू. शिट्ट्या. आणि तिसरी, बाकी बघू.

"सर, 'बाकी बघू' हे काय खातं आहे?"

"तेच तुम्ही बघायचं. म्हणून तर आलो."

एकतीस वर्षांत मी 'किरकोळ' नावाचं खातंसुद्धा कुणाला लिहू दिलं नव्हतं. किरकोळ म्हणजे चोरवाट, असं मी नवीन पोरांना शिकवायचो. आणि हा गृहस्थ अख्खी लीग 'बाकी बघू'त घालून आला होता. मी पान बाजूला सारलं आणि कोरा कागद घेतला. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला हुरूप आला. सिलेंडरवरून सुटका झाली होती.

आठ दिवस बसून अंदाजपत्रक केलं. अंदाजपत्रक म्हणजे न झालेल्या खर्चाचं पंचांग. चेंडू किती महिने टिकतो, सिमेंटवर किती आणि मातीवर किती, हे विचारायला मी तीन दुकानं हिंडलो. पंचांचं मानधन, त्यांचं येणं-जाणं, प्रथमोपचार, पाण्याचे जार, मधल्या सुट्टीत पोरांना केळी. मैदान कॉलनीतलंच मोकळं होतं, पण तिथं ना खांब ना फरशी. सगळं मांडलं, देणगीची आश्वासनं वजा केली, आणि जी खोट आली ती अठ्ठेचाळीस हजार. शहाण्णव खेळाडू, माणशी पाचशे रुपये फी. हिशेब चोख बसला. मी कागद सरांपुढं सरकवला.

सरांनी तो वाचला आणि शिट्टीशी चाळा करत बसले. मग म्हणाले, "साहेब, फी लावली की आधी पोरी गळतात. पोराची फी बाप भरतो. पोरीची पुढच्या वर्षी भरतो."

"फुकटची किंमत नसते सर. माझा अनुभव आहे."

"या माझ्यासोबत," म्हणाले, आणि मला मैदानावर घेऊन गेले. तिथं एका झाडाला सायकलची रिंग तारेनं बांधली होती आणि एक उंच, काटक पोरगी तिच्यात चेंडू टाकत होती. एकामागं एक, न चुकता. तिचं नाव कोमल. आई वाळूजला पाळीत कामाला, वडील रिक्षा चालवतात. सरांनी मला 'लीगचे साहेब' म्हणून दाखवलं. पोरगी चेंडू कडेवर घेऊन समोर आली.

"काका, फी किती हाय?"

मी म्हटलं, "अजून ठरायचंय. जास्त असली तर पुढच्या वर्षी खेळ."

"पुढच्या वर्षी मी अठराची होती ना काका. मग कुठलं?" एवढंच बोलली आणि परत झाडाकडं वळली.

घरी येऊन मी फीच्या पुढं शून्य लिहिलं. असं शून्य मी जन्मात लिहिलं नव्हतं. रात्री जेवताना बायको म्हणाली, "बरं नाही का? ताप बघू."

आता अठ्ठेचाळीस हजार कुठून तरी काढायचे होते. मग सुरू झाली देणगीदारांची वारी. गुलमंडीवर एका शेठचं कापडाचं दुकान आहे. लीगसाठी आम्ही पाच-सात जणांची समिती केली होती, शेठ तिच्यातच होते. म्हणाले, "कपडे माझ्याकडून. पैसे नका मागू, कापड घ्या." आठ संघांचे कपडे शिवून आले, शहाण्णवच्या शहाण्णव गडद मरून. कुठल्याशा शाळेच्या गणवेशाचं ठाण दुकानात पडून होतं.

गायकवाड सरांनी कपाळावर हात मारला. "शेठ, दोन्ही संघ एका रंगात? पोरानं चेंडू द्यायचा कुणाला?"

"ओळखीच्याला द्यायचा!" शेठ शांतपणे म्हणाले.

शेवटी आमच्या मंडळींनी तोडगा काढला. कापड उलट्या बाजूनं फिकट गुलाबी होतं. एका संघानं सुलट घालायचं, दुसऱ्यानं उलट. पोरांच्या पाठीवर शिवणी दिसायच्या, पण रंगाचा प्रश्न बिनखर्चात सुटला.

फरशीचं काम बोराडे नानांनी उचललं. नाना बिल्डर. त्यांच्या कामावर तयार काँक्रीटच्या मोठ्या गाड्या येतात आणि गाडीत थोडा माल उरतोच. नाना म्हणाले, "साहेब, उरलेला माल फेकायचा म्हणजे बी ताप असतो. तुमच्याकडं ओततो. पण कधी उरंल ते सांगता येत नाय. गाडी आली की पसरायला माणसं पायजेत." मी कागदावर लिहिलं, फरशी, खर्च शून्य. दोन शून्यं एका कागदावर. मला स्वतःचा अभिमान वाटला.

इथंच मी माती खाल्ली. लोखंडाचे भाव चढणार, असं पेपरात येत होतं. कॉस्टिंगवाल्याचा पहिला धर्म असा की जे महागणार ते आधी घ्या आणि फुकटचं शेवटी. म्हणून मी खांब आधी आणले. मैदानाच्या दोन टोकांना खड्डे खणून रोवले, वर फळ्या बसवल्या, रिंगा बसवल्या. रिंग जमिनीपासून दहा फूट हवी. मी स्वतः शिडीवर चढून टेपनं मोजली. खाली शेठ शिडी धरून होते आणि म्हणत होते, "साहेब, तुमचा विमा आहे ना?" बरोबर दहा फूट. सूतभर फरक नाही. मी टेप गुंडाळून खिशात घातली.

त्यानंतर नानांच्या गाड्या यायला लागल्या. कधी सकाळी पूजेच्या वेळी, कधी भर दुपारी जेवणाच्या ताटावर. गाडीचा हॉर्न वाजला की कॉलनीतली माणसं फावडी घेऊन पळायची. बँकेतून रिटायर झालेले एक गृहस्थ तर सोवळ्यावरच यायचे. अशा अकरा गाड्या झाल्या आणि फरशी तयार झाली. कसंबसं पाणी मारून, घासून ती सपाट केली. उरलेल्या मालाचं असतं तसं ते थोडं जास्तच झालं होतं. कुणी मोजलं नाही. फुकटचं कोण मोजतं?

सराव सुरू झाला आणि चमत्कार झाला. पोरांचा नेम एकाएकी सुधारला. जी पोरं आजवर फळीला चेंडू लावू शकत नव्हती ती टोपल्यात टाकायला लागली. दोन पोरं तर उडी मारून रिंगेला लोंबकळायची. गायकवाड सरांचे डोळे भरून आले. "साहेब, यंदा पोरांनी लई उडी घेतली हो!" मी म्हटलं, केळ्यांचा परिणाम. आणि खरंच, अंदाजपत्रकात केळ्यांच्या खात्याखाली मी चार ओळींचा शेरा लिहिला, 'खुराकावरील खर्च फलदायी.' तो शेरा अजून माझ्याकडं आहे. कुणाला दाखवत नाही.

उद्घाटनाला तीन दिवस होते. बाहेरगावचे पंच मैदान बघायला आले. बारीक अंगाचे, अबोल गृहस्थ. त्यांनी चहा घेतला नाही. खिशातून टेप काढली आणि शिडी मागितली. वर चढले, खाली उतरले, दुसऱ्या टोकाला जाऊन परत चढले.

"रिंग नऊ फूट सात इंचांवर आहे."

"शक्य नाही," मी म्हणालो. "मी स्वतः जमिनीपासून मोजली."

त्यांनी पायाखालच्या काँक्रीटकडं बघितलं. "कुठल्या जमिनीपासून?"

पाच इंच काँक्रीट माझ्या डोळ्यांदेखत ओतलं गेलं होतं. मीच फावडं धरलं होतं. आणि केळ्यांवर शेरा लिहून मोकळा झालो होतो.

पंच म्हणाले, "या उंचीवर मी शिट्टी वाजवणार नाही. दुरुस्त करा, नाहीतर पुढं ढकला." पुढं ढकलायचं म्हणजे परीक्षा, परीक्षेनंतर ऊन, उन्हानंतर पाऊस. तोवर कोमल अठराची. तिच्यासोबतच्या आणखी पाच-सहा जणीही.

ठेकेदाराला बोलावलं. तो खांबांभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, खांब कापायचे, क्रेन लावायची, मधे तुकडा जोडायचा, अठ्ठावीस हजार आणि आठ दिवस. आमच्याकडं शिल्लक होती एकोणीसशे रुपये. तीन दिवस. संध्याकाळी समिती बसली. शेठ म्हणाले, "साहेब, वाईट वाटून घेऊ नका. पण लावा आता फी. पाचशे नाय तर तीनशे. आणि ठेवा सामने दिवाळीनंतर." सगळ्यांनी माना डोलावल्या. गायकवाड सरांनी खिशातून तेच वहीचं पान काढलं, त्याची घडी घातली, परत उलगडली. मला त्यांच्याकडं बघवेना. चूक माझी, आणि तिची किंमत भरणार ती पोरगी.

मी उठलो आणि स्कूटर काढली. शहरात वेल्डर पुष्कळ, पण तीन दिवसांत, बिनक्रेनचं, बिनपैशाचं काम करील असा एकच हात मला माहीत होता. शेखभाईही रिटायर झाला होता. वाळूज रस्त्याला त्याचं पत्र्याचं छोटं दुकान आहे, ग्रिलं, गेटं करतो. तो खाटेवर बसून चहा पीत होता. मला बघितलं आणि सवयीनं मान वळवली. मी तिथंच उभा राहिलो.

"शेखभाई, शेव काढली ते चुकलं माझं. त्या आठवड्यातच कळलं होतं. सांगायला आलो नाही, तेही चुकलं."

त्यानं चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाला, "सतरा साल लगे साब, वाळूज से वाळूज तक आने कू." आणि खाटेवर थोडा सरकला. मी बसलो. मग पाच इंचांची गोष्ट सांगितली. तो एवढा हसला की चहा त्याच्या लुंगीवर सांडला. "आप? टेप लेके? आप?" बायकोला हाक मारून त्यानं तिलाही ऐकवलं. मी हसू दिलं. माझी ती लायकीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मैदानावर आला. खांब वरून खालपर्यंत बघितला आणि ठेकेदाराच्या नावानं एक शिवी हासडली. "खंबा कायकू काटते? फळी चार बोल्ट पे है. लंबी पट्टी लगाव, फळी पाच इंच उप्पर सरकाव. बस." दुकानातल्या भंगाराच्या अँगलमधून त्यानं चार पट्ट्या कापल्या, भोकं पाडली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोन्ही फळ्या वर चढल्या. मी टेप घेऊन पुढं झालो तसा त्यानं ती माझ्या हातातून काढून घेतली. "नक्को साब. आप नक्को." आणि पंचांना फोन करून बोलावून घ्यायला लावलं. त्यांनी मोजली. दहा फूट. पहिल्यांदाच त्यांनी चहा मागितला.

"शेखभाई, मजुरी?" मी विचारलं. एकोणीसशे रुपये खिशात घालूनच आलो होतो.

"उद्घाटन को पोरांकू नाश्ता है?"

"आहे. पोहे."

"सादे?"

अंदाजपत्रकात 'पोहे (साधे)' असंच लिहिलेलं होतं. माणूस सुधारतो, पण हात सुधारायला वेळ लागतो.

"मजूरी नक्को," शेखभाई म्हणाला. "शेव होना."

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी सामने सुरू झाले. पहिलाच सामना पोरींचा, कोमलचा संघ उलट कापडात, गुलाबी. आता पोरींचे हात नऊ फूट सात इंचांना सरावलेले आणि रिंग दहा फुटांवर. जो तो चेंडू रिंगेच्या पुढच्या कडेवर आपटून परत येई. गायकवाड सर शिट्टी चावत होते. शेठ माझ्या कानात म्हणाले, "साहेब, खालीच बरी होती." सामना संपला तेव्हा गुणफलकावर नऊ विरुद्ध सात होते. एवढ्या वेळात कबड्डीचेसुद्धा जास्त होतात, असं कुणीतरी म्हणालं. त्या नवातले चार कोमलचे. शेवटचा टाकला तेव्हा ती क्षणभर जागच्या जागी उभी राहिली, रिंगेकडं बघत, आणि मग सरांकडं धावत सुटली. सरांचे डोळे भरले, आणि या वेळी केळ्यांचा काही संबंध नव्हता. माझेही भरले. लिहायला लाज वाटत नाही.

मग पोह्यांची रांग लागली. टेबलाशी शेखभाई स्वतः उभा होता, हातात शेवेची पिशवी. कुणाला चिमूट नाही, मूठ. पोरं ताटली पुढं करत, तो टाके. पोरं म्हणत, "काका, अजून," आणि तो अजून टाके. मी बारा ग्रॅमच्या हिशेबानं आणलेली शेव तिसऱ्या संघातच संपली. त्यानं टेबलाखालून दुसरी पिशवी काढली. स्वतःच्या पैशानं आणलेली. शेवटी मी ताटली पुढं केली. त्यानं पोहे झाकून जातील एवढी शेव टाकली आणि हळूच म्हणाला, "लो साब. बीमारी खतम."

संध्याकाळी हिशेब मिटवायला बसलो. गायकवाड सर शेजारी होते. त्यांनी विचारलं, "साहेब, शेव कुठल्या खात्यात धरायची? आपल्या कागदात तर नाय."

मी त्यांच्याकडून ते घडीचं पान मागून घेतलं आणि 'बाकी बघू'च्या पुढं लिहिलं, शेव. किती किलो, ते लिहिलं नाही.